लॉन मोवरचं पातं कधी बदलायचं, आणि बदलताना हात कसे सांभाळायचे?

मातीचे_हात

पेट्रोलवर चालणारं, मागून ढकलायचं २१ इंची मशीन गेली सहा वर्षं वापरतोय. हंगामात दोन-तीनदा पातं काढायचं, कानशीनं धार लावायची, परत बसवायचं, एवढीच माझी देखभाल. परवा पातं धुऊन पुसून व्हाइसमध्ये धरलं, समोरून ऊन येत होतं, आणि पात्यातून उजेड आरपार दिसला. पात्याचा सपाट भाग संपून मागचा पंख जिथे वर वळायला लागतो, नेमकी त्या वळणावर नखाएवढी चीर पडली होती. बोट फिरवलं तर तिथला पत्रा डब्याच्या झाकणासारखा पातळ लागला. धार मात्र उत्तम होती, कारण मी सहा वर्षं फक्त धारच बघत आलो.

हे का होतं ते मग नीट समजून घेतलं. तो वळलेला पंख पंख्यासारखा हवा वर ओढतो, त्यामुळे गवत उभं राहतं आणि सारखं कापलं जातं. पण हवेबरोबर माती आणि वाळूही वर येते आणि त्या वळणावर घासत राहते. आधी खोबण पडते, खोबणीची चीर होते, आणि एक दिवस पंख तुटून सुटतो. २१ इंची पातं मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर त्याचं टोक सेकंदाला साधारण ८४ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास पळत असतं. त्या वेगानं सुटलेला लोखंडाचा तुकडा कुणाच्या पायात जाईल ते सांगता येत नाही. माझ्या मागेच मुलं खेळत असतात. म्हणून हा धागा काढतोय. तुमच्याकडे मशीन असेल तर कृपा करून या आठवड्यात एकदा ते वळण बघा.

माझी पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. स्पार्क प्लगची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची, टोपी ओढून काढायची. टाकीत पेट्रोल अगदी कमी असतानाच हे काम काढायचं. मशीन आडवं करायचं, जाड हातमोजे घालायचे, पातं आणि डेकच्या (पात्यावरच्या आवरणाच्या) कडेमध्ये लाकडी ठोकळा अडकवायचा आणि बोल्ट सोडवायचा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो, कारण वायसर कुठल्या क्रमानं होते हे नंतर कधीच आठवत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नवीन पात्याचा बोल्ट नेमका किती आवळायचा? आणि मूळ माप मिळत नसेल तर थोडं लांब पातं चालेल का?

जुना_फिटर

धागा काढलात ते फार बरं केलंत. दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्लगची टोपी काढायची हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, पण सगळ्यात जास्त जीव तिथेच आहे. ढकलायच्या मशिनात पातं थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला बसवलेलं असतं. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. म्हणजे पातं हातानं फिरवणं आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढणं हे इंजिनाच्या दृष्टीनं एकच. प्लग जोडलेला असेल आणि सिलिंडरमध्ये थोडी पेट्रोलची वाफ असेल, तर अर्ध्या फेऱ्यात ठिणगी पडून इंजिन एक झटका मारू शकतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकानं ओलं गवत काढायला हात घातला होता. मशीन बंद केलेलं होतं, टोपी मात्र जागेवरच होती. त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानंतर आमच्याकडे टोपी काढून ती सुतळीनं हँडलच्या दांड्याला बांधल्याशिवाय कुणी मशीन आडवं करत नसे. नुसती काढून सोडली तर वायर आपल्या वळणानं परत प्लगला जाऊन टेकते, म्हणून बांधायची.

टोपी काढली तरी पात्याला भोळं समजू नका. पातं फिरवताना पिस्टन हवा दाबत जातो आणि एका टप्प्यावर ती दाबलेली हवा पिस्टनला मागे ढकलते. पातं उलट फिरून हातावर येतं. धार फारशी नसली तरी कातडी सोलली जाते. पातं फिरवायचंच असेल तर सावकाश, मोजे घालून आणि धारेच्या मागच्या बाजूनं.

आता तुमचे प्रश्न. बोल्ट किती आवळायचा हे मशिनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि तोच आकडा पाळायचा. मी हाताळलेल्या ढकलायच्या मशिनांत तो ५० ते ८० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असायचा. अंदाज यावा म्हणून सांगतो. ६० न्यूटन-मीटर म्हणजे ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. पण अंदाजावर राहू नका, टॉर्क पाना (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) कुणाकडून तरी मागून आणा.

लांब पातं अजिबात लावू नका. डेकला घासेल हा एक भाग. दुसरा असा की तेवढ्याच फेऱ्यांत लांब पात्याचं टोक जास्त वेगानं पळतं. अमेरिकी मानकात टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे आणि मशीन बनवणारे त्याच हिशेबानं पात्याची लांबी आणि इंजिनाचे फेरे ठरवतात. आपण लांबी वाढवली की तो हिशेब मोडतो.

माप घेताना एका टोकाच्या कोपऱ्यापासून मधल्या भोकावरून समोरच्या टोकाच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत घ्या. मशिनवर २१ इंच लिहिलं आहे म्हणजे पातं २१ इंचीच असेल असं नाही. मधलं भोक गोल आहे, चांदणीसारखं आहे की आणखी कुठल्या आकाराचं, तेही बघा. मोठ्या भोकाचं पातं आणून मध्ये कड्या घालून बसवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, पातं मधोमध राहत नाही.

नवशिकी

माझा प्रश्न फार प्राथमिक आहे, पण विचारते. मशीन आडवं करायचं ते कुठल्या बाजूनं? मागच्या वेळी मी उजवीकडे पाडलं आणि नंतर सुरू केलं तेव्हा पांढरा धूर इतका आला की मी घाबरून बंद केलं. त्यानंतर पात्याला हातच लावलेला नाही.

हिरवा_कोपरा

@नवशिकी, ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर ज्या बाजूला असतील ती बाजू आकाशाकडे राहिली पाहिजे. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल असतं. उलट्या बाजूनं पाडलं की ते तेल आणि वरचं पेट्रोल फिल्टरमध्ये, कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. तुमचा धूर त्या तेलाचाच होता. थोडा वेळ चालवल्यावर जळून जातो. फिल्टर कागदी असेल आणि तेलानं भिजला असेल तर मात्र बदलावा लागतो. काही मशिनांत पुढचा भाग वर करून मागे टेकवायला सांगितलेलं असतं, म्हणून पुस्तिकेतलं चित्र एकदा बघून घ्या.

आडवं करून झाल्यावर दोरी जड लागली, हलेचना, तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये तेल गेलेलं असतं. प्लग काढा, दोरी दोन-चार वेळा सावकाश ओढा, तेल भोकातून बाहेर येईल. त्या वेळी तोंड भोकासमोर धरू नका. पुसा, प्लग कोरडा करून लावा.

आणि पेट्रोलचं काम उघड्यावरच करा. बंद खोलीत वाफ जमिनीलगत साठून राहते.

पेच_आटे

माझं घोडं बोल्टवरच अडलंय. गंजून बसलाय. गंजावरचं तेल मारून रात्रभर ठेवलं तरी हलत नाही. एक ओळखीचे म्हणाले, पात्यावर पाय दे आणि दणका मार. धीर झाला नाही.

जुना_फिटर

धीर झाला नाही ते उत्तम झालं. पाना सटकला तर सगळा जोर पायाखालच्या पात्यावर येतो आणि पातं फिरतं. बूट कापलेला मी पाहिला आहे.

आधी दिशा तपासा. ढकलायच्या मशिनांत बोल्टचे आटे बहुतेक सरळच असतात, म्हणजे खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतात. बरेच लोक मशीन आडवं करून पलीकडून हात घालतात आणि दिशा चुकून आणखी आवळतात. समोरून, बोल्टच्या डोक्याकडे बघत करा. बसून चालवायच्या काही मशिनांत उलटे आटे असतात, तिथे पुस्तिका बघूनच हात लावा.

ठोकळा साधारण मनगटाएवढा जाड घ्या आणि पात्याच्या टोकाजवळ, डेकच्या कडेला टेकवून सी-क्लॅम्पनं पक्का करा. सहा बाजूंची गोटी (सॉकेट) बोल्टवर पूर्ण आत बसवा. बारा बाजूंची वापरली तर डोकं गोल होतं. पाना लांब घ्या. पाइप चढवलात तर त्यावर सगळं अंग टाकू नका. सावकाश वाढता जोर द्या. 'टक्' असा आवाज येऊन सुटला की हात पुढे झेपावतो, तेव्हा हाताच्या वाटेत पात्याची धार नाही ना हे आधीच बघून ठेवा. नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही, आणि बोटांची सोलटणं त्यातच निघतात.

विजेचा इम्पॅक्ट पाना सोडवायला ठीक. आवळायला अजिबात नको, किती आवळलं ते कळतच नाही.

इतका गंजलेला बोल्ट परत लावू नका. पात्याबरोबर बोल्ट आणि वायसर नवीन घ्या. तो वायसर बहुतेक वेळा वाटीसारखा किंचित खोलगट असतो. त्याची खोलगट बाजू पात्याकडे आणि फुगीर बाजू बोल्टच्या डोक्याकडे. तो स्प्रिंगसारखा काम करतो, उलटा बसला तर ताण धरत नाही.

कडुलिंब

मी थोडं वेगळं मत मांडतो. दर वेळी पातं काढायची गरज नसते. मी मशीन आडवं करून जागेवरच कानस मारतो, दहा मिनिटांत काम होतं. काढ-घाल केल्यानंच बोल्ट ढिले होतात.

मातीचे_हात

@कडुलिंब, दोन वर्षं मीही तेच करत होतो. दोन अडचणी आहेत. जागेवर धार लावली की दोन्ही टोकांचं वजन सारखं राहिलं की नाही ते तपासता येत नाही. आणि मला जी चीर दिसली ती वरच्या बाजूनं, डेककडच्या अंगानं जास्त खोल होती. पातं जागेवर असताना ती दिसलीच नसती. बोल्ट नीट टॉर्कवर आवळला तर काढ-घाल केल्यानं ढिला होत नाही.

कानस

वजनाचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहितो, कारण धार लावणं हे माझ्या आवडीचं काम.

भिंतीत किंवा व्हाइसमध्ये खिळा आडवा धरा आणि पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवा. पातं आडवं धरून सोडा. जे टोक खाली जाईल ते जड. त्या टोकाची थोडी कानस करा, परत अडकवा. दोन्ही टोकं समांतर थांबेपर्यंत हेच. पात्यावर चिकटलेली माती आणि वाळलेलं गवत आधी खरवडून काढा. त्याचंच वजन फसवतं. मागच्या महिन्यात एका पात्याचं जड टोक मी वीस मिनिटं घासत होतो, मग पंखाच्या आत वाळलेल्या मातीचा थर हाताला लागला. तो खरवडल्यावर तेच टोक हलकं निघालं.

कोन मूळचाच ठेवायचा, तो साधारण ३० अंशांचा असतो. धार वस्तऱ्यासारखी करू नका. इतकी बारीक कड पहिल्याच खड्याला वळते. बोटानं हलकेच आडवं चाचपलं तर कड जाणवावी, पण कापू नये, इतकी पुरे. फक्त वरच्या बाजूनं घासा. खालच्या सपाट बाजूला कानस लावायची ती निघालेली बारीक कंगोरी उतरवण्यापुरतीच. ग्राइंडर वापरत असाल तर थांबून थांबून. धातू निळा पडला म्हणजे तिथली कठीणता गेली आणि पुढे ती जागा लवकर बोथट होईल.

साधारण २० ते २५ तासांच्या वापरानंतर धार लावावी असं मी धरतो. पण तास मोजण्यापेक्षा गवताकडे बघा. कापल्यावर दुसऱ्या दिवशी गवताच्या पात्यांची टोकं पिंजलेली, पांढुरकी दिसली तर गवत कापलं गेलेलं नाही, फाटलेलं आहे. एक पान तोडून बोटांवर आडवं धरा, लगेच कळतं.

पहाटवारा

वेल्डिंगबद्दल कुणी सांगेल का? माझ्या पात्याचं टोक दगडावर आपटून वाकलं आहे आणि थोडं फाटलंही आहे. ओळखीचा वेल्डर म्हणतो, ठोकून सरळ करतो आणि टाका मारून देतो.

जुना_फिटर

नको. कळकळीनं सांगतो, नको. ठोकून सरळ केलेल्या पात्यात वळणाच्या जागी डोळ्यांना न दिसणारे तडे राहतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू ठिसूळ किंवा मऊ होतो. वाकलेलं, तडकलेलं, फाटलेलं पातं सरळ भंगारात. बदलण्याच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही.

वाकलं आहे का हे तपासायची रीत सोपी आहे. मशीन अजून आडवंच आणि टोपी काढलेलीच आहे असं धरून : पात्याच्या एका टोकापासून डेकच्या कडेवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत मोजा. मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच खुणेवर आणा आणि परत मोजा. दोन्हींत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं वाकलेलं आहे. नवीन पातं लावूनही तेवढाच फरक येत असेल तर क्रँकशाफ्ट वाकला आहे आणि तुमचं काम पात्यापुरतं राहिलेलं नाही.

पहाटवारा

आता जरा काळजी वाटते आहे. दगड लागल्यापासून मशीन सुरू व्हायला त्रास देतंय. दोरी हातातून हिसकावून घेतं आणि मधेच ठो करून आवाज येतो. पात्याशी याचा संबंध असेल का?

जुना_फिटर

नक्की असू शकतो. फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि क्रँकशाफ्टच्या मध्ये एक छोटी मऊ धातूची चावी असते. पातं अचानक अडलं की क्रँकशाफ्ट जागच्या जागी थांबतो, जड फ्लायव्हील मात्र पुढे जायला बघतं आणि ती चावी कातरली जाते. फ्लायव्हील काही अंश सरकलं की ठिणगी चुकीच्या वेळी पडते, म्हणून दोरी उलटा हिसका देते. आधी चावी तपासा. त्याच वेळी खाली पातं ज्यावर बसतं तो अडॅप्टर आणि त्याची खाच फुटली आहे का तेही बघा. इंजिन चालू करून हाताला थरथर जाणवत असेल तर ते वापरू नका, दुरुस्तीला न्या.

माळीबुवा_नव्हे

बॅटरीच्या मशिनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्याकडे बॅटरीवालं आहे आणि इथे टोपी नसते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. बटन सोडणं पुरेसं नाही. सेफ्टी चावी काढायची आणि बॅटरीही बाहेर काढून दूर ठेवायची, मगच आडवं करायचं. वायरवाल्या मशिनचा प्लग भिंतीतून काढून स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा. मी पातं काढत असताना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी 'बंद कसं?' म्हणून प्लग परत लावू नये म्हणून.

एक चांगली गोष्ट म्हणजे तेल-पेट्रोल नसल्यानं कुठल्याही बाजूला पाडलं तरी चालतं. पण थांबायला किती वेळ लागतो ते बघा. अमेरिकेत १९८२ पासून ढकलायच्या मशिनांना नियम आहे की हँडलचा दांडा सोडल्यावर ३ सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे. दांडा सोडून मनातल्या मनात मोजा. तीनच्या पुढे गेलं तर ब्रेक तपासून घ्या. पेट्रोलच्या मशिनांनाही हे लागू आहे.

रोबो मशीन असणाऱ्यांसाठी : त्यात ब्लेडसारखी छोटी पाती फिरत्या चकतीवर स्क्रूनं लटकवलेली असतात. मुख्य स्विच बंद करूनच उलटं करा. संच एकदम बदला आणि स्क्रूही नवीनच लावा, कारण जुने स्क्रू घासून बारीक झालेले असतात आणि पातं सुटून उडतं. लावल्यावर प्रत्येक पातं बोटाच्या एका धक्क्यानं मोकळं झुलतं ना, ते बघा.

तिवई

बसून चालवायच्या मशिनबद्दल थोडक्यात. नुसत्या जॅकवर उचलून खाली जाऊ नका. चाकांना अडणी लावा, खाली स्टँड द्या, किल्ली खिशात ठेवा, प्लगच्या टोप्या काढा. दोन-तीन पात्यांच्या डेकमध्ये एक पातं फिरवलं की पट्ट्यामुळे बाकीचीही फिरतात. एक हात एका पात्यावर आणि दुसरा शेजारच्या पात्याजवळ, असं कधीही बसू नका. शक्य असेल तर डेकच काढून बाहेर घ्या. अर्धा तास जास्त जातो, पण उजेडात आणि उभ्यानं काम होतं.

नवशिकी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी केलं. टोपी काढून सुतळीनं बांधली, फिल्टर वर ठेवून मशीन आडवं केलं.

काम करताना एक शोध लागला. माझं पातं उलटं बसवलेलं होतं. पंख जमिनीकडे वळलेले. मशीन जुनं घेतलं होतं, तेव्हापासून तसंच असणार. गवत पिंजल्यासारखं होतं आणि पिशवी भरायचीच नाही, तर मला वाटायचं मशिनच अशक्त आहे. पात्यावर माती खरवडल्यावर खाली बारीक अक्षरांत 'ग्रास साइड' असं कोरलेलं सापडलं. ती बाजू गवताकडे, म्हणजे जमिनीकडे हवी, आणि पंख वर डेककडे, बरोबर ना? बसवण्याआधी खात्री करून घेते.

मातीचे_हात

बरोबर. अक्षरं जमिनीकडे, पंख डेककडे. पण बसवण्याआधी त्याच पात्याचं वळण उजेडासमोर धरून बघा. उलटं फिरत होतं म्हणजे कुठे किती घासलंय याचा काही भरवसा नाही.

नवशिकी

बघितलं. आरपार उजेड नाही, पण एका बाजूच्या वळणावर खोबण आहे, नख अडकतं. दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. कॅलिपरनं सपाट भाग ३ मिलिमीटर भरला आणि खोबणीत १.४. फोटो टाकलाय.

जुना_फिटर

फोटो बघितला. निम्म्याहून कमी उरलंय. हे पातं बसवू नका, धारही लावत बसू नका. नवीन येईपर्यंत मशीन तसंच ठेवा, टोपी काढलेलीच राहू द्या आणि हँडलवर 'पातं नाही' अशी चिठ्ठी बांधा, म्हणजे घरातलं कुणी दोरी ओढणार नाही. जुनं पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून मगच भंगारात द्या. उचलणाऱ्याच्या हातालाही धार लागते.

नवशिकी

चिठ्ठी बांधली. पातं मागवलंय, लांबी तिरप्या कोपऱ्यांतून मोजून. बोल्ट आणि वायसरही सोबत. आलं की टॉर्कचा आकडा इथेच लिहीन.